ऊसतोडीला गेलं की मतदार यादीतून नाव जातं : हंगामाआधी काय करून ठेवावं?

डोंगरपट्टा :
बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली एक वस्ती. दसरा झाला की निम्म्याहून जास्त घरांना कुलूप लागतं. टोळ्या मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन कारखान्याला जातात, काही सीमेपलीकडे कर्नाटकात. परत येतात ते पाडव्याच्या आगेमागे. यंदा यादी चाळली तर वस्तीतली ४१ नावं नाहीत. कारण 'स्थलांतरित'. नोटीस एकालाही नाही. बीएलओंचं (मतदान केंद्राची यादी सांभाळणारे केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणणं असं की, 'दोनदा आलो, दोन्ही वेळा कुलूप. सहा महिने जी माणसं इथं राहतच नाहीत ती इथली रहिवासी कशी?'

सध्या सगळे गावात आहेत. दसऱ्यापर्यंत जेमतेम अडीच महिने हातात आहेत. नवा अर्ज करायचा की दुरुस्तीचा? बीएलओ म्हणतात ते कायद्याला धरून आहे का? आणि काही जण सुचवतात की नावं सरळ कारखान्याच्या गावात घालून टाका. ते चालेल का? जाणकारांनी नेमकं सांगावं. 'सगळ्या नागरिकांना समान अधिकार आहेत' हे पुस्तकातलं वाक्य आम्हालाही पाठ आहे.

यादीभाग :
अर्ज भरायच्या आधी एक खात्री करा. नावं खरंच वगळली आहेत, की दुसऱ्या भागात गेली आहेत? मतदान केंद्रांची फेरआखणी होते तेव्हा वस्त्या एका यादीभागातून दुसऱ्यात टाकल्या जातात आणि गावात 'नाव उडालं' अशी ओरड होते. मतदार सेवा पोर्टलवर नावाने शोधू नका. मराठी-इंग्रजी स्पेलिंगच्या घोळात सापडायचं नाही. ओळखपत्रावरच्या क्रमांकाने शोधा. सापडलं तर प्रश्नच मिटला.

सापडलं नाही तर यादीच्या शेवटी जोडलेली पुरवणी उघडा. वगळलेली नावं तिथं असतात आणि प्रत्येकापुढे कारणाचं एक अक्षरी चिन्ह असतं : मयत, स्थलांतरित, दुबार, सापडत नाही, अपात्र. ४१ पैकी कोण कुठल्या कारणाने गेलं याची वेगळी यादी करा. 'दुबार'वाल्यांचं उत्तर वेगळं, 'स्थलांतरित'वाल्यांचं वेगळं. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं हमखास 'दुबार'मध्ये सापडतात, कारण माहेरची नोंद तशीच राहिलेली असते.

प्रांतकचेरीबाहेर :
बीएलओंचं वाक्य ऐकायला पटतं, पण कायदा नेमका उलट आहे.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०, कलम १९ : मतदार व्हायला दोन गोष्टी लागतात, वय १८ पूर्ण आणि त्या मतदारसंघातला 'सर्वसाधारण रहिवासी' असणं. आता कलम २० पाहा. पोटकलम १ सांगतं की नुसतं घर मालकीचं आहे एवढ्यावर कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. हे वाक्य बहुतेकांना माहीत असतं. त्याच्या खालचं पोटकलम १-क मात्र कोणी वाचत नाही : राहत्या ठिकाणाहून तात्पुरता बाहेर गेला एवढ्यावरून माणसाचं तिथलं सर्वसाधारण वास्तव्य संपत नाही. सहा महिन्यांची मर्यादा कलमात कुठेही नाही. ती लोकांच्या डोक्यात कुठून आली कोण जाणे, पण कचेरीकचेरीत ती कायदा म्हणूनच सांगितली जाते.

मग तात्पुरतं कशाला म्हणायचं? माणसाचा परतायचा इरादा आहे का आणि परतायची सोय आहे का, यावरून. तोडणी कामगार दरवर्षी जातो आणि दरवर्षी येतो. त्याचं रेशनकार्ड, घरपट्टी, म्हातारे आईबाप, असलंच तर दीड एकर कोरडवाहू, सगळं गावात. फडावर त्याचं असतं काय? उसाच्या पाचटाची कोपी, तीही हंगाम संपला की मोडायची. हे तात्पुरतं नसेल तर मग कशाला तात्पुरतं म्हणणार?

आता नोटिशीचं. अंतिम यादी प्रसिद्ध होण्याआधी नाव काढायचं असेल तर मतदार नोंदणी नियम १९६० मधला नियम २१-क लागतो. काढायच्या नावांची यादी फलकावर लावायची, सुनावणीची जागा आणि वेळ सांगायची, आणि 'इथला रहिवासी राहिला नाही' हे कारण असेल तर त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी मिळावी म्हणून शक्य ते सगळे प्रयत्न करायचे. अंतिम यादीनंतर काढायचं असेल तर कलम २२, तिथंही आधी ऐकून घेणं बंधनकारक. शिवाय १९९५ चा लालबाबू हुसेन प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. एकदा यादीत आलेलं नाव रीतसर आलं आहे असं धरून चालायचं, आणि ते काढायचं तर त्या माणसाला नोटीस देऊन, पुरावा पाहून, ऐकून घेऊन काढायचं. ते प्रकरण नागरिकत्वाच्या संशयावरून नावं कापण्याचं होतं. तरी ऐकून न घेता नाव कापायचं नाही, हे सूत्र इथंही लागू पडतं.

कागद मिळवायला माहिती अधिकाराचे ३० दिवस घालवू नका. त्याच १९६० च्या नियमांत नियम ३३ आहे. नोंदणीचे अर्ज, हरकती, त्यावरचे निर्णय हे कागद पाहण्याचा आणि फी भरून साक्षांकित नक्कल घेण्याचा हक्क कोणालाही आहे. नोंदणी अधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा प्रांताकडे, लेखी अर्ज द्या आणि तीन गोष्टी मागा : वगळण्याचा आदेश, बीएलओचा पडताळणी अहवाल, नोटीस बजावल्याची नोंद. तिसरी गोष्ट बहुतेक वेळा निघतच नाही.

आदेशाविरुद्ध अपीलही आहे. कलम २४ : पहिलं जिल्हाधिकाऱ्यांकडे १५ दिवसांत, दुसरं राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत. पण ४१ जणांची ४१ अपिलं लढवत बसलात तर दसरा उजाडेल. नाव परत घालायला नमुना ६, म्हणजे नव्या नोंदणीचा अर्ज, जवळचा. आदेशाची नक्कल मात्र घेऊनच ठेवा, पुढच्या वर्षी कामाला येईल.

डोंगरपट्टा :
पोटकलम १-क कुणी सांगितलंच नव्हतं. उद्याच छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावतो. अजून एक शंका : काही नावांवर गावातल्याच कुणीतरी नमुना ७ (नाव वगळण्याचा अर्ज) भरला होता असं कळतंय. सरपंचपदाच्या निवडणुकीत इथं फार थोड्या मतांचा फरक असतो, त्यामुळे तसं झालंही असेल. याचं काय करता येतं? आणि नमुना ६ चे ४१ अर्ज एकदमच तहसीलला नेऊन दिले तर चालतील ना?

नमुनासहा :
शेवटचं आधी. नाही चालणार. एका माणसाने गठ्ठा आणून दिला तर तो परत पाठवतात, आणि ते नियमाला धरून आहे. घरातल्या एकाने घरातल्या सगळ्यांचे अर्ज दिले तर चालतात. राजकीय पक्षाने नेमलेला केंद्रस्तरीय प्रतिनिधी पुनरीक्षणाच्या काळात बीएलओकडे दिवसाला १० पर्यंत अर्ज देऊ शकतो. पूर्ण मुदतीत त्याचे ३० च्या वर गेले की नोंदणी अधिकाऱ्याने स्वतः पडताळणी करायची असते. म्हणून घरटी एक माणूस उभा करा. ४१ नावं म्हणजे १४-१५ घरं असतील. बीएलओंना वस्तीवरच एक दिवस बोलवा. तेही बिचारे बहुतेक शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात, शाळा सांभाळून हे काम करतात. भांडण्यापेक्षा त्यांना सगळे एका जागी भेटले तर त्यांचंही काम हलकं होतं. मोबाइल चालवणारं पोर घरात असेल तर पोर्टलवरून भरा. संदर्भ क्रमांक मिळतो, अर्ज 'हरवत' नाही. कागदावर दिलात तर अर्जाच्या खालची पोच फाडून घेतल्याशिवाय हलू नका.

नमुना ६ ला लागतं ते असं. एक रंगीत फोटो. जन्मतारखेचा पुरावा. राहत्या पत्त्याचा पुरावा : आधार, बँक किंवा पोस्टाचं चालू पासबुक, वीज-पाणी-गॅस यांपैकी निदान वर्षभर जुन्या जोडणीचं बिल, महसुली जमीन नोंद, नोंदणीकृत भाडेकरार वगैरे. यातलं काहीच नसेल तर अर्ज फेटाळायचा नसतो, प्रत्यक्ष येऊन पडताळणी करायची असते. आधार नसल्यास तसं लिहायची जागा अर्जात दिलेली आहे.

अर्ज अडकतात ते बारीक गोष्टींवर. आधारवरचा पत्ता कारखान्याच्या तालुक्याचा असतो, कारण तिकडे मुलाच्या दाखल्यासाठी किंवा बँकेसाठी कुणीतरी तो बदलून घेतलेला असतो. असा आधार पत्त्याचा पुरावा म्हणून लावलात तर आपल्या हाताने 'स्थलांतरित' लिहून दिल्यासारखं. त्या माणसासाठी पासबुक लावा किंवा आधी पत्ता दुरुस्त करा. दुसरं, नात्यातल्या मतदाराचा ओळखपत्र क्रमांक लिहायचा रकाना रिकामा सोडू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं नाव यादीत टिकलेलं असतंच, त्याचा क्रमांक टाका म्हणजे अर्ज त्याच भागात, त्याच घराला जोडला जातो. तिसरं, मोबाइल नंबर. मुकादमाचा नंबर देऊ नका! वीस जणांच्या अर्जावर एकच नंबर दिसला की पडताळणीत संशय येतो, आणि निरोप पोचणं मुकादमाच्या मर्जीवर राहतं ते वेगळंच.

अर्ज आला की त्याची यादी फलकावर लागते आणि किमान ७ पूर्ण दिवस हरकतीसाठी थांबावं लागतं. त्याआधी निर्णय देता येत नाही. म्हणून 'निघायच्या आदल्या दिवशी भरू' हे डोक्यातून काढा. बीएलओ पडताळणीला येईल तेव्हा माणूस घरात सापडला पाहिजे. पोळ्याच्या आत अर्ज गेले तर दसऱ्यापर्यंत नाव यादीत दिसायला हरकत नाही.

दुबारवाल्या सुनांसाठी नमुना ६ भरू नका. माहेरची नोंद जिवंत असेल तर नमुना ८ मध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या अर्जात, 'निवास बदल' निवडा. दोन ठिकाणी नाव ठेवणं कलम १७-१८ मध्ये बसत नाही, आणि दुसरीकडे नोंद असताना 'माझं नाव कुठेही नाही' असं लिहून दिलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. पोरगी बिचारी फडावर कोयता चालवणार आणि इकडे तिच्या नावावर खोट्या प्रतिज्ञेचं प्रकरण, असं व्हायला नको. तसं बायकांची नावं गळणं आजचं नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीबाहेर राहिली, कारण त्यांनी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं होतं, स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं.

वस्तीत १७ पूर्ण केलेली पोरं असतील तर त्यांचेही अर्ज आत्ताच घ्या. पूर्वी फक्त १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार आहेत आणि आगाऊ अर्ज चालतो. १ जानेवारीला १८ पूर्ण होणारा पोरगा त्या दिवशी फडावर असणार. त्याने आज अर्ज केला तर त्यासाठी परत यावं लागणार नाही.

प्रांतकचेरीबाहेर :
नमुना ७ चं राहिलं. हरकत घेणारा त्याच मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. त्याचं नाव आणि ओळखपत्र क्रमांक अर्जावर असतोच, नियम ३३ खाली नक्कल काढली की कळतं. 'हा माणूस इथं राहत नाही' हे सिद्ध करायची जबाबदारी हरकत घेणाऱ्याची, तुमची नाही. एकाच माणसाने पाचच्या वर हरकती घेतल्या असतील तर नोंदणी अधिकाऱ्याने जातीने तपासणं अपेक्षित आहे. खोटी हरकत जाणूनबुजून घेतली तर कलम ३१ त्यालाही लागतं. हरकतींची यादी नमुना १० मध्ये लावली जाते. हंगाम चालू असताना गावात राहिलेल्या एखाद्या वाचत्या माणसाने दर आठवड्याला ती पाहत राहावं. यापेक्षा स्वस्त पहारा नाही.

काही जण कलम ३२ चा धाक घालायला सांगतील. त्यात कर्तव्यात कसूर करणाऱ्या नोंदणी कर्मचाऱ्याला ३ महिने ते २ वर्षं कैद आहे. पण निवडणूक आयोगाने किंवा मुख्य निवडणूक अधिकाऱ्याने तक्रार केल्याशिवाय न्यायालय ते दाखलच करून घेत नाही. धमकी म्हणून पोकळ आहे आणि बीएलओ उगाच बिथरतो. वापरू नका.

गाडीवाट :
कारखान्याच्या गावात नाव घाला म्हणणाऱ्यांनी पुढचा विचार केलेला नाही. विधानसभेची यादीच पुढे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद सगळीकडे घेतली जाते. राज्य निवडणूक आयोग ठरलेल्या तारखेची विधानसभा यादी उचलतो आणि प्रभागवार फोडतो. त्यात स्वतः नवीन नाव घालत नाही. म्हणजे नाव तिकडे नेलं की इथल्या सरपंचाच्या निवडणुकीतही मत नाही. घरकुलाची यादी, रोहयोचं काम, टँकर हे सगळं ज्या ग्रामपंचायतीत ठरतं तिथं तुम्ही मतदारच नाही. शिवाय यंदा सांगली, पुढच्या वर्षी बेळगाव. दर हंगामाला नमुना ८ भरत बसणार का? आणि एप्रिल-मेमध्ये लोकसभा आली की माणसं गावात आणि नावं कारखान्यावर, असा उलटा खेळ होईल.

जे कुटुंब बारमाही तिकडेच राहायला लागलं आहे, पोरं तिकडच्याच शाळेत आहेत, त्यांनी मात्र नाव न्यावं. पक्कं घर नाही म्हणून नोंदणी नाकारता येत नाही. बेघर माणसाच्या बाबतीत तर तो सांगतो तिथं खरोखर झोपतो का हे बीएलओने रात्री जाऊन पाहायचं, एकाहून अधिक रात्री, अशा आयोगाच्या सूचना आहेत.

गावात ठेवायचं तर निघण्याआधी हे कागद जमवा : ग्रामसेवकामार्फत मिळणारं ऊसतोड कामगार ओळखपत्र, पोरांना मागे ठेवलं असेल तर हंगामी वसतिगृहाच्या नोंदीची नक्कल, आणि ग्रामसभेत वाचलेली 'हंगामी स्थलांतरित कुटुंबांची यादी'. हंगामी वसतिगृहाचा कागद फार बोलका असतो. कुटुंब इथलंच आहे आणि काही महिन्यांसाठीच बाहेर जातं, हे शासनानेच लिहून दिलेलं असतं. ही यादी घरक्रमांक, ओळखपत्र क्रमांक, ज्याचा त्याचा मोबाइल आणि गावात मागे राहणाऱ्या माणसाचं नाव अशी तयार करून प्रांत आणि तहसील दोन्हीकडे आवक क्रमांक घेऊन द्या. यासाठी ठरावीक नमुना नाही, ग्रामसभेच्या ठरावाने अधिकारी बांधला जात नाही. पण नंतर 'शोधूनही सापडले नाहीत' असं लिहिणं त्यांना जड जातं, कारण कुठे आहेत ते त्यांच्याच दप्तरात असतं.

केंद्राध्यक्ष :
मतदानाच्या दिवसाचं कोणी लिहिलं नाही, ते लिहितो.

कुलूपबंद घरातल्या मतदारांची नावं अंतिम यादीत राहिली तरी 'अनुपस्थित-स्थलांतरित-मयत' अशी वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडे दिलेली असते. बोलीत तिला एएसडी यादी म्हणतात. बाहेरून मतदानासाठी आलेला तोडणी कामगार नेमका यात असतो. केंद्रावरचा एजंट ओरडतो, 'हा स्थलांतरित आहे, याला देऊ नका.' चूक. एएसडी यादीत नाव असणं म्हणजे मत नाकारणं नव्हे. ओळख जास्त काटेकोर तपासायची, नोंदवहीत सहीबरोबर अंगठाही घ्यायचा, आणि मत द्यायला सोडायचं.

ओळखीला मतदार ओळखपत्र नसेल तर आयोगाने ठरवलेले १२ पर्याय आहेत. आधार, फोटोचं पासबुक, आणि या लोकांकडे हमखास असणारं रोजगार हमीचं जॉब कार्ड त्यात आहे. नुसती मतदार चिठ्ठी चालत नाही. ओळखपत्र दुसऱ्या मतदारसंघातलं असलं तरी चालतं, नाव मात्र या यादीत पाहिजे. नावातली किरकोळ चूक सोडून द्यायची असते.

एजंटाला ओळखीवरच आक्षेप घ्यायचा असेल तर त्याने २ रुपये भरायचे आणि पुरावा द्यायचा, मग केंद्राध्यक्ष तिथल्या तिथं चौकशी करतो. दोनच रुपये, पण पावती फाडायची म्हटली की निम्मे आक्षेप विरतात.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत दिलं असेल तर हात हलवत परत जाऊ नका. निवडणूक संचालन नियम १९६१ मधला नियम ४९-त : ओळख पटली की तुम्हाला कागदी मतपत्रिका द्यावीच लागते, ती लिफाफ्यात वेगळी ठेवतात. याला प्रदत्त मत म्हणतात. ते नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, निवडणूक याचिकेत न्यायालयाने सांगितलं तर उघडतात. तरी द्यावं, कारण ज्यांच्या नावावर दुसऱ्यांनी मतं टाकली त्यांची लेखी मोजदाद तेवढीच राहते. फडावर गेलेल्यांच्या नावावर गावात मतदान झाल्याची कुजबुज सगळेच करतात, कागदावर मात्र काही नसतं.

आणि वेळ संपायच्या क्षणी रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. चिठ्ठ्या रांगेच्या शेपटाकडून वाटत पुढे येतात. गाडी उशिरा पोचली तरी घड्याळाआधी रांग गाठा.

फडावरून :
हे सगळं खरं, पण माणूस पोचला तर. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या कलम १३५-ख खाली मतदानादिवशी भरपगारी सुट्टी आहे, रोजंदारीवाल्यालाही. मोडणाऱ्या मालकाला दंड किती? ५०० रुपयांपर्यंत. त्यातही 'गैरहजेरीने मोठं नुकसान होईल' अशा कामाला सूट आहे. आणि मालक कोण? कारखाना म्हणतो कामगार वाहतूकदाराचे, वाहतूकदार म्हणतो मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी पण तोडणारच. मजुरी टनावर, रोजावर नाही. शिवाय ३०० किलोमीटरवर एक दिवसाची सुट्टी घेऊन करायचं काय? जायला एक दिवस, यायला एक. जोडप्याचा, म्हणजे एका कोयत्याचा, तीन दिवसांचा खाडा उचलीत चढतो.

उरतो उमेदवाराचा टेम्पो. तो गुन्हा आहे. मतदारांना केंद्रावर फुकट नेण्या-आणण्यासाठी उमेदवाराने गाडी करणं कलम १२३(५) खाली भ्रष्ट आचरण आहे, आणि कलम १३३ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद. गंमत पाहा, मतदारांनी आपसांत वर्गणी काढून इंजिन नसलेली गाडी केली तर हरकत नाही असं परंतुक त्याच कलमात आहे. म्हणजे बैलगाडी चालते. बैलगाडीवाले तोडणी कामगार फडावर भरपूर आहेत, आता तीनशे किलोमीटर हाका! स्वतःचं तिकीट काढून एसटीने आलं तर अर्थात काहीच अडचण नाही.

२०१४ ला विधानसभेचं मतदान १५ ऑक्टोबर, २०१९ ला २१ ऑक्टोबर, २०२४ ला २० नोव्हेंबर. टोळ्या निघायचे आणि पोचायचे नेमके हेच दिवस. रेशन आता कुठल्याही राज्यात उचलता येतं, मत मात्र गावातच.

कायदा बदलायला हवा. टपाली मतदान सैनिकाला आहे, निवडणूक ड्यूटीवरच्या माणसाला आहे, ८० वर्षांवरच्यांना घरबसल्या आहे. सहा महिने फडावर राबणाऱ्याला का नाही?

प्रांतकचेरीबाहेर :
एक दुरुस्ती. घरबसल्या मतदानाची वयाची अट आता ८५ आहे, २०२४ मध्ये वाढवली. ४० टक्के अपंगत्व असेल तर वयाची अट नाही. त्यासाठी नमुना १२-घ भरायचा, निवडणुकीच्या अधिसूचनेपासून ५ दिवसांत. वस्तीत मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी हे उपयोगाचं आहे, कारण त्यांना केंद्रावर नेणारी तरणी माणसं फडावर असतात.

दुसरं, त्यासाठी संसदेत नवा कायदा लागेलच असं नाही. १९५१ च्या कायद्यातलं कलम ६०(ग) पाहा. आयोगाने सरकारशी सल्लामसलत करून लोकांचा एखादा वर्ग अधिसूचित केला तर त्या वर्गाला टपाली मत देता येतं. काश्मिरी विस्थापितांसाठी जम्मू, उधमपूर, दिल्लीत विशेष मतदान केंद्रंही झालेली आहेत. अडचण वेगळीच आहे : अशा वर्गाची यादी करायची कशी, आणि फडावर मुकादमाच्या डोळ्यांसमोर दिलेलं टपाली मत गुप्त राहणार कसं? उचलीत बांधलेल्या माणसाला मतपत्रिका हातात दिली तर ती कुणाच्या हाताने भरली जाईल हे सांगायला नको. मला तरी कारखान्याच्या तालुक्यात पहाऱ्यातलं केंद्र बरं वाटतं.

फडावरून :
मुकादमाचा मुद्दा मान्य. पण आयोगाने २०२२ च्या डिसेंबरात स्थलांतरित मतदारांसाठीच दूरस्थ मतदान यंत्र काढलं होतं ना, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलं, पक्षांनी आक्षेप घेतले, तिथंच थांबलं. कारखान्याच्या गेटवर तसलं एक यंत्र ठेवलं तर बीड-धाराशिव-अहिल्यानगर-जळगाव सगळं मावेल. ७२ पुरे.

डोंगरपट्टा :
सगळ्यांचे आभार. रविवारी वस्तीवर बैठक, बीएलओंनी यायचं कबूल केलंय. पुरवणी तपासली : ४१ पैकी ३३ 'स्थलांतरित', ६ 'दुबार' (सहाही सुनाच, यादीभाग म्हणाले तसं), आणि २ 'मयत'. ते दोघं आत्ता पारावर बसलेत. त्यांनी नमुना ६ च भरायचा का?

नमुनासहा :
हो, नमुना ६. पण त्यांच्या अर्जाला मागचा ओळखपत्र क्रमांक आणि 'चुकून मयत म्हणून वगळले' असं एका ओळीचं पत्र जोडा, आणि सुनावणीला त्यांना स्वतःला न्या. बीएलओ रविवारी येणारच आहेत तर त्यांच्या पडताळणी अहवालात 'समक्ष भेटले' एवढे दोन शब्द आवर्जून लिहून घ्या. विधवा निवृत्तीवेतन, श्रावणबाळ, किसान सन्मान असलं काही चालू असेल तर तिकडेही चौकशी करा. एका दप्तरात मेलेला माणूस दुसऱ्यात मरायला फार वेळ लागत नाही.